वाचकांचे प्रश्न : स्टुलावरचं चाक का डुलतं?

प्रश्न : कलामहाविद्यालयाच्या प्रदर्शनासाठी फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशां यांच्या 'सायकलच्या चाका'ची (स्टुलावर उलटं बसवलेलं चाक) प्रतिकृती करतो आहे. चिमटा (चाक धरणारा सायकलचा फोर्क) उलटा करून स्टुलात ठोकून बसवला, पण चाक फिरवलं की सगळंच हलतं. शिवाय मित्र म्हणतात, ही नुसती नक्कल. काय करावं?

उत्तर : एका फळीत ठोकलेला चिमटा हलणारच. फळी जेमतेम इंचभर जाड, आणि वर अख्खं चाक. चिमट्याची दांडी दोन ठिकाणी धरली गेली पाहिजे. साध्या सायकलला ती बाहेरून साधारण १ इंच असते, पण भोक पाडण्याआधी मोजाच. बैठकीच्या खाली पायांना एक आडवी पट्टी स्क्रूने बसवा आणि दोन्हींत एकाच ओळीत भोक पाडा. दांडीचे आटे फक्त टोकाला असतात. चिमटा उलटा केला की ते तळाशी येतात. म्हणून पट्टी इतक्या खोलीवर घ्या, की आटे तिच्याखाली निघतील. तिथे रुंद वॉशर घालून नट आवळा. नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडला आणि तरी ढिला राहिला, तर आणखी वॉशर घाला; जोर लावलात तर आटे मरतील.

चाक पुढचंच घ्या, मागच्याला फ्रीव्हील, म्हणजे साखळीची दातेरी चकती, असतं. टायर-ट्यूब काढा. मग आउट काढा, म्हणजे चाकाचा डावा-उजवा झोल घालवा: रिमजवळ खडू धरून चाक फिरवा, जिथे खडू लागेल तिथेच, पण खडूच्या विरुद्ध बाजूने येणाऱ्या स्पोकचं निपल (रिममधला छोटा नट) पाव आट्याने आवळा. एकदम पूर्ण आटा फिरवला की रिम दुसरीकडे वाकते. कोन (आसावरचा, छर्‍यांना दाबणारा नट) खडखड थांबेल इतकाच घट्ट करा. हे सगळं करूनही हललं, तर दोष स्टुलाचा. पोकळ पाइपचं स्टूल नको, जड लाकडाचं घ्या.

नकलेबद्दल थोडक्यात. १९१३ चं पॅरिसमधलं मूळ चाक हरवलं, १९१६ च्या सुमाराचं न्यूयॉर्कमधलं दुसरंही. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे ते १९५१ चं. पुढे १९६४ मध्ये द्युशां यांच्याच संमतीने आणखी प्रती निघाल्या. तेव्हा नक्कल हा इथे मोठा गुन्हा नाही. पाटीवर 'द्युशां यांच्यावरून' एवढं स्पष्ट लिहा. मात्र सराव झाला की दुसरी वस्तू स्वतः निवडा. त्यांनीही दुकानात मिळणारी साधी वस्तूच उचलली होती. अवघड काम निवडीचं आहे, चाक बसवणं त्यामानाने सोपं.