बाळगोळी, बाळगुटी आणि बाळकडू

कोल्हापूरच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या आजेसासूबाई ‘बाळगोळी दिली की प्वार गप पडतंय’ असे म्हणत. ही बाळगोळी म्हणजेच बाळगुटी का, आणि तिच्यात अफू असे हे खरे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि दुसऱ्याचे ‘होय’ असे.

वेखंड, मुरुडशेंग, हिरडा, हळकुंड, जायफळ अशी काष्ठौषधे सहाणेवर मोजक्या वेढ्यांनी उगाळून जे चाटण देतात ती बाळगुटी. बाळकडू म्हणजे तान्ह्या मुलाला पाजायचे कडू औषध; ‘बाळकडू मिळणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. या दोहोंत अफू नसते. बाळगोळी मात्र अफू घातलेली बारीक गोळी होती, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांत दिवसभर राबणाऱ्या स्त्रिया मूल झोपून राहावे म्हणून ती देत असत. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये नेमलेल्या अफू आयोगापुढेही मुलांना अफू देण्याच्या चालीविषयी साक्षी झाल्या होत्या.

गोळीचा गुण येई हे नाकारता येत नाही. अफूने आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे हगवण थांबते. खोकला दबतो, वेदना कळेनाशी होते आणि झोप लागते. म्हणूनच शार्ङ्गधरसंहितेपासून पुढच्या वैद्यकग्रंथांत ‘अहिफेन’ आढळते आणि अतिसारावरच्या कर्पूररसातही ते असते. चरक-सुश्रुतांच्या संहितांत मात्र ते नाही. ‘अहिफेन’ म्हणजे सापाचा फेस ही व्युत्पत्ती ऐकायला चटकदार असली, तरी ग्रीक ‘ओपिऑन’वरून आलेल्या अरबी ‘अफ्यून’ला चढवलेला तो संस्कृत पोशाख असावा, असे मानणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

पण जी अफू खोकला दाबते तीच श्वासही दाबते. तान्ह्या मुलात औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते, आणि गुंगीत पडलेले मूल भुकेनेही रडत नसल्यामुळे ते दुधावाचून खंगत जाई. आजेसासूबाईंचे ‘गप पडतंय’ म्हणूनच नीट ऐकावे. मूल शांत झाले आणि मूल बरे झाले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ही चाल आपल्याकडचीच होती असेही नाही. इंग्लंडमधील गिरणी कामगारांच्या घरांत काकवी आणि अफू घातलेले ‘गॉडफ्रेज कॉर्डिअल’ याच कारणासाठी मुलांना पाजले जाई, तर मोठी माणसे ‘लॉडॅनम’, म्हणजे मद्यार्कात विरघळवलेली अफू, खोकल्यापासून निद्रानाशापर्यंत कशावरही थेंबांनी घेत. सतराव्या शतकात टॉमस सिडनहॅम या वैद्याने त्याची जी कृती रूढ केली, तीत दारूमध्ये अफूबरोबर केशर, दालचिनी आणि लवंग पडे. तिकडे औषधाच्या दुकानांतील अफूच्या मोकळ्या विक्रीला 1868 च्या कायद्याने काहीसा आळा बसला.

जाता जाता खसखशीविषयी. ती अफूच्याच बोंडातली असली, तरी गुंगी आणणारा चीक बोंडाच्या सालीतून पाझरतो, बियांतून नव्हे. पांढरा रस्सा ओरपून कोल्हापुरात कोणाला झापड आली, तर तो दोष खसखशीचा नसून वाट्यांच्या संख्येचा समजावा.

मार्क्सने धर्माला नुसते लोकांची अफू म्हटले होते, त्यात ‘गोळी’ नव्हती. मराठीने मात्र ‘अफूची गोळी’ असेच रूढ केले, कारण आपल्या घरांत अफू गोळीच्या रूपातच ओळखीची होती, असा माझा तर्क आहे.