वाचक विचारतात : एकच रोल, साठ वर्षांच्या वर

मागच्या अंकात जास्त चाललेल्या सिरीयलींबद्दल लिहिताना विल्यम रोच या इंग्लिश नटाचं नाव ओझरतं आलं होतं, त्यावर सातारा-सांगलीकडून इतके मेसेज आले की या वेळचं सदर त्यांनाच देतोय.

माझा भाचा इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तो म्हणतो तिथं एक सिरीयल १९६० पासून चालू आहे आणि पहिल्या दिवसापासूनचा हीरो अजून त्यात आहे. थापा मारतोय का? (विट्याच्या एक वाचक मावशी)

नाही मावशी, अगदी खरं बोलतोय तो. सिरीयलचं नाव 'कॉरोनेशन स्ट्रीट', पहिला एपिसोड ९ डिसेंबर १९६० ला शुक्रवारी संध्याकाळी सातला लागला, मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने काढलेली, लिहिणारा टोनी वॉरन तेव्हा फक्त २४ वर्षांचा होता आणि चॅनलने सुरुवातीला १३ च एपिसोड मंजूर केले होते. गोष्ट एका कामगार वस्तीतल्या गल्लीची, एकाला एक चिकटलेली घरं, कोपऱ्यावर दारूचा गुत्ता, सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत. त्यात केन बार्लो हा कॉलेजला जाणारा पोरगा, घरात बाप आणि भाऊ बैठकीच्या खोलीतच सायकलचं पंक्चर काढत बसलेत आणि याला त्याची लाज वाटते कारण मैत्रीण घरी येणार आहे, शिवाय तिला ज्या हॉटेलात न्यायचंय तिथेच आई कामाला आहे. शिकलेल्या पोराला आपल्याच घराची लाज वाटणं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, म्हणून मला वाटतं तो पहिला एपिसोड आज विट्यात दाखवला तरी कळेल.

तो केन म्हणजे विल्यम रोच. जन्म २५ एप्रिल १९३२ चा, नटाच्या धंद्यात यायच्या आधी सैन्यात कॅप्टनपर्यंत पोचलेले, तिथेच तोफेच्या आवाजाने कानाला कायमची इजा झालेली. रोल घेतला तेव्हा २८ वर्षांचे होते, थोड्याच दिवसांचं काम आहे म्हणून घेतला. वयाची नव्वदी ओलांडली तरी केन बार्लो तेच करतायत. एकाच सिरीयलमध्ये सगळ्यात जास्त वर्षं काम करणारा नट म्हणून गिनीज बुकात त्यांची नोंद २०१० ला झाली, कारण अमेरिकेतली 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' बंद पडली आणि तिथला डॉन हेस्टिंग्ज हा नट थांबला.

माझी मुलगी एका डेली सोपमध्ये आहे, शूटिंग इथेच साताऱ्याजवळ असतं, तिसरं वर्ष चालू आहे. नातेवाईक म्हणतात एकाच रोलमध्ये अडकली, आता दुसरं काही मिळणार नाही. मला रात्रीची झोप नाही. (सातारा)

ताई, आधी हे डोक्यातून काढा की जास्त दिवस एक रोल करणं म्हणजे अडकणं. मला हे मनापासून पटत नाही. सिनेमातला नट दोन तासात माणूस उभा करतो, ते मोठंच काम आहे, पण एका माणसाला तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत रोज थोडा थोडा वाढवत नेणं हे त्याहून वेगळं काम आहे आणि ते करायला मिळालेले नट जगात फार थोडे.

केनचंच बघा ना, तो मास्तर झाला, पेपर चालवला, त्याची चार लग्नं झाली पण बायका तीनच, कारण एकीशी दोनदा. पहिली बायको व्हॅलरी १९७१ मध्ये बिघडलेल्या हेअर ड्रायरचा शॉक बसून जाते, जुळी पोरं आजोळी स्कॉटलंडला जातात. मग डिअर्ड्री येते. तिच्याशी लग्नाचा एपिसोड २७ जुलै १९८१ ला लागला, चार्ल्स आणि डायनाच्या लग्नाच्या दोन दिवस आधी. १९८३ ला तिचं गल्लीतल्या कारखानदारावर, माइक बाल्डविनवर मन जातं आणि सगळा देश ही कुणाकडे राहणार म्हणून श्वास रोखून बसतो, शेवटी ती केनकडेच राहते तेव्हा मँचेस्टर युनायटेडची मॅच चालू होती आणि मैदानातल्या स्कोअरबोर्डवर दोघं परत एक झाल्याची बातमी झळकवली.

आणि खरा कस लागला तो पुढे. डिअर्ड्री करणाऱ्या ॲन किर्कब्राइड जानेवारी २०१५ मध्ये गेल्या, वय फक्त ६०, दोघांनी कित्येक वर्षं नवरा-बायको म्हणून काम केलेलं. त्याच वर्षी जुलैत सिरीयलमध्येही डिअर्ड्री गेल्याचं दाखवलं, आणि रोच यांना कॅमेऱ्यासमोर केनचं दुःख करावं लागलं जेव्हा स्वतःची मैत्रीण खरंच गेलेली होती. हे तीन महिन्यांच्या ओळखीवर होत नाही ताई.

आता व्यवहाराचं. आपल्याकडे ६० वर्षं कुणी सिरीयल चालवत नाही, 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर एपिसोड झाले तर आपण अजून तिचं नाव काढतो. बाकीच्या कधी गुंडाळतील सांगता येत नाही, टीआरपी पडला की पंधरा दिवसांत ट्रॅक संपतो. म्हणून तिच्या काँट्रॅक्टमध्ये बाहेरचं काम घ्यायची परवानगी आहे का, पेमेंट किती दिवसांनी, हे वाचा, नाही कळलं तर वकिलाला दाखवा. सुट्टीच्या दिवसांत एखादं नाटक करू दे, आणि कमाईतले पैसे वेगळे ठेवा. नातेवाईकांना काही उत्तर द्यायची गरज नाही.

सुरुवातीला ती सिरीयल लाइव्ह व्हायची म्हणे, चुकलं तर? (सांगली)

हो, पहिल्या दिवसांत शुक्रवारचा एपिसोड लाइव्ह जायचा आणि तो संपला की लगेच बुधवारचा रेकॉर्ड करायचे. चुकलं तर नाटकासारखं सांभाळून पुढे जायचं. १८४३ ला जिथे विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं त्या सांगलीकरांना याचं काय ते नवल. पन्नास वर्षं झाली तेव्हा ९ डिसेंबर २०१० ला मुद्दाम परत एक लाइव्ह एपिसोड केला, त्यात केनही होता.

त्यांनी एका पेपरवर केस केली होती ना? जिंकले की हरले? (मिरज)

दोन्ही, आणि हे प्रत्येक नटाने वाचावं. 'द सन'ने छापलं की केनसारखेच रोचही कंटाळवाणे आहेत आणि सेटवर कुणाला आवडत नाहीत. त्यांनी अब्रूनुकसानीचा दावा लावला, १९९१ ला जिंकले, ज्युरीने ५०,००० पौंड दिले. पण पेपरने आधीच तेवढीच रक्कम कोर्टात भरून तडजोडीची तयारी दाखवली होती, आणि तिथला नियम असा की त्यापेक्षा जास्त मिळालं नाही तर पुढचा खर्च तुमच्या डोक्यावर. त्या खर्चातून सुटायला पुढे वकिलांवरही दावा लावला तो गेला, आणि १९९९ ला दिवाळं जाहीर करायची पाळी आली. मान मिळाला पण पैसा गेला. मला विचाराल तर भूमिकेला शिव्या पडल्या तर पडू द्याव्यात, माणसाबद्दल खोटं छापलं तर मात्र गप्प बसू नये, फक्त कोर्टात जायच्या आधी खर्चाचा हिशोब नीट समजून घ्यावा. पुढे २०१३ मध्ये त्यांच्यावर जुन्या काळातले गंभीर आरोपही झाले, फेब्रुवारी २०१४ ला ज्युरीने सगळ्यातून निर्दोष सोडलं आणि ऑगस्टमध्ये ते सिरीयलमध्ये परत आले.

त्यांची मुलंही नट आहेत का? (कराड)

आहेत. थोरला लायनस रोच आज मोठा नट आहे, 'व्हायकिंग्ज'मध्ये दिसला होता, पण लहानपणी सत्तरच्या दशकात त्याने केनच्याच मुलाचं, पीटरचं काम केलेलं. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की पहिल्या एपिसोडमधली ती मैत्रीण आठवते ना, सुझन, तिच्यापासून केनला एक मुलगा होता हे लेखकांनी २०१० मध्ये काढलं आणि तो मुलगा झाला लायनस, नातू झाला धाकटा भाऊ जेम्स. पन्नास वर्षांपूर्वीचा धागा उचलायचा तर तो नट जागेवर असावा लागतो.

मी ६८ वर्षांची आहे. गावात शूटिंग लागलं की आजीचे छोटे रोल करते, बरं वाटतं. मुलगा म्हणतो वय झालं, बंद कर. काय करू? (वाईच्या एक वाचक काकू)

काकू, अंगात बळ आहे तोवर करा. मुलाची काळजीही खोटी नाही, सप्टेंबर २०२० मध्ये आशालता वाबगावकर शूटिंगला आल्या असताना आपल्या साताऱ्यातच कोरोनाने गेल्या ते तो विसरला नसेल. त्याच वर्षी मँचेस्टरला शूटिंग परत सुरू झालं तेव्हा सत्तरीपुढच्या कलाकारांना लगेच सेटवर बोलावलं नाही, पण कुणाचा रोलही काढून घेतला नाही, आणि डिसेंबरात सिरीयलला ६० वर्षं झाली तेव्हा रोच होते. म्हातारा नट हवा असेल तर त्याला जपलं पाहिजे, हे आपल्याकडच्या प्रॉडक्शनवाल्यांना स्पष्ट सांगायला लाजू नका. रात्रीची शिफ्ट घेऊ नका, उन्हात सीन असेल तर बसायला खुर्ची आणि सावली आधीच मागा, बीपीच्या गोळ्या असतील तर वेळ लिहून कोऑर्डिनेटरला द्या आणि किती पैसे, कधी मिळणार हे जायच्या आधी मेसेजवर लिहून घ्या. पहिल्या दिवशी मुलालाही बरोबर न्या, त्याला स्वतःला बघू दे.