खड्डाच होता ना? की कुणी माणूस?

गाडी चालवताना मनात भलतेसलते विचार येतात, मग मी ड्रायव्हिंग बंदच करू का, असं मला खूप जण विचारतात. बहुतेकांना माझं उत्तर 'नाही' असतं, आणि ते का हे एका क्लायंटच्या अनुभवावरून सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

पुण्यातले गृहस्थ, चाळिशीच्या आतले, रोज कोथरूड ते हिंजवडी कारने. ड्रायव्हिंग एकदम शिस्तीचं. एकदा रात्री उशिरा येताना गाडी खड्ड्यात आदळली आणि मनात आलं, खड्डाच होता ना? की कुणी माणूस होता? यूटर्न मारून बघून आले, कुणीच नव्हतं, हायसं वाटलं. मनाला नेमकी या हायसं वाटण्याचीच चटक लागली. मग प्रत्येक स्पीडब्रेकरला तोच विचार, परत फिरायचं, परत बघायचं, आणि बघून निघाले की "आत्ता वळताना कुणाला धक्का लागला असेल तर?" म्हणून पुन्हा. पार्किंगमध्ये मोबाईलच्या टॉर्चने बंपर तपासायचा, सकाळी पेपरात अपघाताच्या बातम्या शोधायच्या. खात्री व्हावी म्हणून डॅशकॅम लावला तर रात्र रात्र फुटेज बघत बसायला लागले. शेवटी गाडी तशीच धूळ खात उभी राहिली, आणि माझ्याकडे आले तेव्हा पहिला प्रश्न, "मॅडम, माझ्या मनात खरंच कुणाला मारायचं आहे का?"

नाही. असे विचार जवळपास सगळ्यांनाच येतात. रॅकमन आणि डी सिल्वा या संशोधकांनी 1978 साली साध्यासुध्या माणसांना विचारलं होतं, तर बहुतेकांच्या मनात तसलेच नकोसे विचार येत होते जसे मंत्रचळाच्या म्हणजे ओसीडीच्या पेशंटना येतात. घाटात "स्टिअरिंग दरीकडे वळवलं तर?" हा विचारही त्यातलाच. फरक इतकाच की बाकीचे "काहीतरीच!" म्हणून पुढे जातात आणि ज्याला कुणाला इजा करण्याची कल्पनाही सहन होत नाही तो तिथेच अडकतो. लोकांना ओसीडी म्हणजे सारखे हात धुणं एवढंच माहीत असतं, त्यामुळे यांना वाटत होतं आपण एकटेच असे.

आम्ही विचार घालवायच्या मागे लागलोच नाही. जो विचार दाबाल तो जास्त उसळतो. बदलायचं होतं ते विचारानंतरचं वागणं. याला एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन म्हणतात, म्हणजे भीतीला सामोरं जायचं पण ती शमवायला परत फिरणं, तपासणं करायचं नाही, आणि ओसीडीसाठी ही चांगली तपासलेली पद्धत आहे. आधी दिवसा ओळखीच्या रस्त्यावर, बायको शेजारी पण गप्प. स्पीडब्रेकर आला, विचार आला, तर मनात एवढंच म्हणायचं की "असेल, नसेल, मी परत फिरणार नाही." छातीत धडधड होते, घाम येतो, येऊ दे, पुढे चालवत राहायचं. मग एकट्याने, मग मंडईच्या गर्दीतून, मग रात्री. सोबत सायकिअॅट्रिस्टची औषधंही होती, आणि ओसीडीत त्यांचा नीट फरक पडायला दोन-तीन महिने सुद्धा लागतात, म्हणून मध्येच सोडायची नाहीत.

सगळ्यात अवघड काम मात्र त्यांच्या बायकोचं होतं. रोज घरी आल्यावर ते विचारायचे, "कुणाला लागलं नसेल ना गं?" आणि ती प्रेमाने म्हणायची, "नाही रे, काही झालेलं नाही." हे 'नाही रे' म्हणजे यूटर्नच, फक्त घरात बसून मारलेला, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभरात पुन्हा तोच प्रश्न. दोघांशी बोलून आम्ही वाक्य ठरवलं, "तुला भीती वाटतेय हे कळतंय मला, पण याचं उत्तर मी देणार नाही असं आपलं ठरलंय." पहिल्या आठवड्यात ती माझ्यासमोर रडली, म्हणाली किती दुष्टासारखं वाटतंय. वाटणारच, समोर आपलं माणूस तळमळतंय. पण ती ठाम राहिली आणि माझ्या मते त्यांच्या बरं होण्यातला मोठा वाटा तिचा आहे. आता ते रोज गाडी नेतात. विचार अजूनही येतो कधीकधी, ते परत फिरत नाहीत.

हे सगळ्यांना लागू नाही हं. खरंच अपघात झालाय आणि तीच दृश्यं डोळ्यांपुढे येतायत, तर त्याचे उपचार वेगळे. चालवताना डुलकी लागते, चक्कर येते, तर आधी डॉक्टर, तोवर गाडी नको. आणि गाडी दरीत घालायचा विचार नकोसा न वाटता सुटकेसारखा वाटत असेल तर किल्ली घरच्यांकडे द्या आणि त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, फोन फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.