बारीक मासे पहिल्यांदा करताय? एवढं सांभाळा

सुरुवात खवलीपासून करा, म्हणजे नदी-तलावातल्या बारीक खवल्यांच्या माशापासून. चिलापी (तिलापिया) सगळीकडे मिळते, पण ती मूळची आपल्याकडची नाही आणि चवीला खवलीच्या जवळपासही नाही.

घेताना कुठल्या पाण्याचे ते विचाराच. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचे चालतील. शहराच्या खालच्या अंगाचे गोदावरीतले नकोत, तिथे सांडपाणी मिसळतं. कल्ले लाल, पोट घट्ट हवं.

नवखे हमखास चुकतात ते साफ करताना. मासा एवढासा, म्हणून पोट काढायचा कंटाळा करतात. आतलं पित्त फुटलं की अख्खं कालवण कडू! अंगठ्याने पोट दाबून सगळं बाहेर काढा, मीठ चोळून खवलं घालवा, तीन-चार पाण्यांनी धुवा. शिंगटा (मिशांचा, काटेरी पंखांचा मासा) असेल तर त्याचे काटे आधी छाटा, बोटात गेले की बराच वेळ ठणकतं.

मग हळद, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवा. चिखलाचा वास कमी होतो.

पहिल्यांदा तळाच. ज्वारीच्या पिठात घोळवून मंद आचेवर कुरकुरीत केले की बोटाएवढ्या माशाचे काटेही चावून खाता येतात. घाईत मोठी आच केली तर काटे कडकच राहतात. काळ्या मसाल्याचं कालवण नंतर बघू. त्यात चमचा फिरवायचा नसतो, एवढं आत्ता पुरे.

आणि पहिल्या पावसातले चढणीचे मासे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढणारे, कितीही मोह झाला तरी घेऊ नका. त्यांच्या पोटात गाभोळी (अंडी) असते.