सात वर्षं थांबण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा सिबिल रिपोर्ट वाचला. कार्डाचं थकलेलं बिल सात वर्षांनी आपोआप पुसलं जातं, असं तू धरून चालला आहेस. तो नियम अमेरिकेचा. आपल्याकडेही सातच आकडा आहे, पण उलट अंगाने: सिबिलसारख्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांनी माहिती किमान सात वर्षं जपून ठेवायची. त्यामुळे तारखेकडे डोळे लावून बसू नकोस.

तीन वर्षांची मुदत वेगळी. ती दावा लावण्याची, १९६३च्या मुदत कायद्यातली. ती उलटली की बँकेची कोर्टाची वाट बंद होते. देणं बुडत नाही आणि नोंदही जात नाही. मुदत संपायच्या आत तू सही करून थकबाकी कबूल केलीस, तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. वसुलीवाले ‘एवढ्या कागदावर सही करा’ म्हणतात ते उगाच नाही.

आता तुझ्या खात्याची ओळ बघ. महिन्यांच्या चौकटीत ०००, ०३०, ०६० असे आकडे आहेत. हप्ता किती दिवस थकला ते त्यात कळतं. नव्वदच्या पुढे गेलं की खातं बुडीत गणलं जातं. खाली ‘रिटन ऑफ’ लिहिलंय. म्हणजे बँकेने आपल्या वहीतून रक्कम काढली, तुला माफ केली नाही. याच शब्दावर सगळ्यात जास्त लोक फसतात.

बँकेने कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर तेच देणं दोन ओळींत दिसू शकतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, नोंदी ठेवणाऱ्या या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक रिपोर्ट फुकट मिळतो. चारही काढून ताडून पाह.

पैसे भरायचे ठरलं, तर देणं ज्याचं आहे त्याच्याकडून आधी पत्र घे. त्यात खाते क्रमांक, रक्कम, शेवटची तारीख आणि नंतर नोंद काय होईल, हे हवं. कमी रकमेत तोडलंस तर ‘सेटल्ड’ लागतं, आणि पुढचा कर्ज देणारा तो शब्द आधी पाहतो. जमत असेल तर पूर्ण भर. एजंटच्या यूपीआयवर एक रुपयाही टाकू नकोस. पैसे थेट कर्जखात्यात जाऊ देत. ‘नो ड्यूज’, म्हणजे काही देणं बाकी नाही असा दाखला, जन्मभर जपून ठेव.

१ जानेवारी २०२५पासून बँकांना या कंपन्यांकडे किमान पंधरवड्याला एकदा माहिती पाठवावी लागते. तरी महिन्याभराने रिपोर्ट पुन्हा काढ. ओळ जुनीच दिसली तर ऑनलाइन तक्रार टाक, दाखला जोड, तक्रार क्रमांक लिहून ठेव. बँकेच्या होकाराशिवाय सिबिल स्वतःहून अक्षर बदलत नाही, म्हणून तोच कागद बँकेलाही पाठव. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई आहे. तेही न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे फी नाही.

बाकीचे तीन रिपोर्ट आले की पाठव. तोवर वसुलीवाल्याच्या कुठल्याही कागदावर सही नको.

तुझा,
काका