‘आता सगळं सांगितलं’, हे तिसऱ्यांदा ऐकताना

प्रश्न : लग्नाला अकरा वर्षं झाली. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याच्या फोनमध्ये एका बाईशी झालेलं बोलणं वाचलं. आधी ‘नुसती मैत्री’ म्हणाला, मग ‘एकदाच भेटलो’, आता दीड वर्ष संबंध होते असं कबूल केलंय. ‘आता सगळं सांगितलं’ असं दर वेळी म्हणतो. मला झोप नाही. तो आंघोळीला गेला की फोन तपासते. घर सोडू की थांबू?

उत्तर : हा निर्णय आत्ता घेऊ नका. घरात मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र आधी सुरक्षित ठिकाणी जा, बाकीचं नंतर. तसं नसेल तर पुढचे दोन-तीन महिने मागे फिरता येणार नाही असं काही करायचं नाही. राजीनामा नको, घर विकणं नको, सगळ्या नातेवाइकांना जमवणंही नको. उद्या तुम्ही संसार टिकवायचं ठरवलंत, तरी तुमचे आईवडील त्याला माफ करतीलच असं नाही, आणि मग दोन्हीकडची समजूत काढत बसावं लागतं. पोटात गोष्ट ठेवणारी, तुमच्या वतीनं निर्णय न घेणारी एक-दोन माणसं पुरेत. झोपेसाठी मात्र या आठवड्यातच डॉक्टरांना भेटा. जागरणात केलेला कुठलाच विचार धड होत नाही.

लाजेपोटी हमखास राहून जाते ती लैंगिक आजारांची तपासणी. शरीरसंबंध होते असं धरूनच चाला. क्लॅमिडिया आणि गोनोरिया यांची लक्षणं बायकांमध्ये बऱ्याचदा दिसतच नाहीत, आणि उपचार झाले नाहीत तर गर्भनलिकांना इजा होऊ शकते. शेवटच्या संबंधानंतर दोन आठवड्यांनी ही तपासणी करता येते. एचआयव्हीसाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत होणारी अँटिजन-अँटिबॉडी चाचणी ४५ दिवसांनंतर भरवशाची असते. बोटाला टोचून होणाऱ्या झटपट चाचणीला मात्र ९० दिवस लागतात. सिफिलिससाठीही ९० दिवसांनी एकदा पुन्हा तपासा. दोघांचे अहवाल हातात येईपर्यंत निरोधशिवाय संबंध नकोत. धोक्याच्या संबंधाला ७२ तास झाले नसतील तर एचआयव्ही टाळणारी औषधं मिळतात. ती २८ दिवस घ्यावी लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

आता तुमच्या प्रश्नाच्या मुळाकडे येऊ. नाती जितकी संबंधांमुळे मोडतात, तितकीच या तुकड्यातुकड्यांच्या कबुलीमुळे मोडतात, असं आमचं ठाम मत आहे. नवा तुकडा बाहेर आला की मधल्या काळात सावरलेलं सगळं वाया जातं, कारण त्या काळातही तो खोटंच बोलत होता हे कळतं. सांगणाऱ्याला वाटतं, आपण तिला कमी दुखावतोय. प्रत्यक्षात तो स्वतःची सुटका लांबवत असतो.

म्हणून प्रश्न कागदावर लिहा आणि दोन दिवस तो कागद बाजूला ठेवा. मग त्यांचे दोन भाग करा. कधी सुरू झालं, कधी थांबलं, पैसे किती गेले, कुणाकुणाला माहीत होतं, खबरदारी घेतली होती का, अजून संपर्क आहे का, ही माहिती निर्णयासाठी लागते. ती कशी दिसते, एकांतात काय झालं, तिच्यात काय जास्त आवडलं, हे प्रश्न खोडा. त्यांची उत्तरं निर्णयाला काही मदत करत नाहीत, फक्त डोळ्यांपुढे चित्रं उभी करतात आणि ती पुसता येत नाहीत. नवऱ्यानं तारखांसकट लेखी हकिगत तयार करावी आणि समुपदेशकासमोर एकाच बैठकीत वाचावी. त्यानंतर या विषयावर दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, जास्तीत जास्त अर्धा तास बोला. अंथरुणावर नाही. अर्धा तास संपला की उरलेला प्रश्न वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. ही वेळ त्यानं चुकवली नाही, उलट स्वतःहून आठवण केली, तर ती खरी चांगली खूण.

संबंध तोडल्याचा निरोप त्यानं तुमच्यासमोर लिहावा. दोन ओळी पुरतात : हे संपलं आहे, यापुढे संपर्क करू नये. ‘तुझी आठवण राहील’ असलं वाक्य त्यात आलं की दार किलकिलं राहिलंच. ती बाई त्याच्याच ऑफिसात असेल तर बोलणं कामापुरतं, चारचौघांत, आणि झालेलं बोलणं त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगायचं, तुम्ही विचारायच्या आधी.

फोन लपूनछपून तपासणं थांबवा. त्यात दोष तुमचा नाही. धक्का बसलेलं मन सतत धोका शोधत राहतं. पण लपून पाहिल्यावर काही सापडलं नाही तरी ‘पुसून टाकलं असेल’ असंच वाटतं. त्यापेक्षा पासवर्ड उघडे ठेवायचे, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी दोघांनी मिळून पाहायचं आणि दर तीन महिन्यांनी ही पद्धत ठेवायची का ते ठरवायचं. त्याच्या फोनवर चोरून पाळत ठेवणारं ॲप टाकू नका. अनेक देशांत तो गुन्हा ठरतो.

प्रश्न : बायकोनं माझ्या नकळत चार ठिकाणी कर्ज काढलं. वसुलीचा फोन आल्यावर कळलं. आकडा विचारला की दर वेळी वेगळा सांगते. सोनं मोडून सगळं एकदम फेडून टाकू का?

उत्तर : आधी आकडा पक्का होऊ द्या, आणि तो तोंडी नको. दोघांनी आपापला क्रेडिट रिपोर्ट मागवा. तुमचाही आवश्यक आहे, कारण तुमच्या नावावर, तुमच्या सहीनं काही उचललंय का हे तिथेच दिसतं. मग एका कागदावर प्रत्येक कर्जाची बाकी मुद्दल, व्याजदर, हप्त्याची तारीख, कर्जदार आणि जामीनदार मांडा. ओळखीच्यांकडून घेतलेली उसनवारी रिपोर्टात येत नाही, ती वेगळी विचारा. जामीनदार म्हणून तुमची सही असेल तर वेगळे झालात तरी बँक तुमच्याकडे येणार. बँकेचा करार तुमच्या घटस्फोटानं बदलत नाही.

एकदम फेडण्याची घाई इथेच घातक ठरते. पैसा कुठे गेला हे कळायच्या आत कर्ज मिटलं की पाटी कोरी होते आणि कर्ज द्यायला लोक पुन्हा तयारच असतात. जुगार, शेअरचे सौदे, माहेरची अडचण, खर्चाची सवय. प्रत्येकाचा इलाज वेगळा. खात्यांचे उतारे मागे मागे पाहत जा, पहिलं कर्ज कुठल्या महिन्यात आलं ते सापडलं की कारणही बहुधा तिथेच सापडतं. तोवर सगळ्या कर्जांचे किमान हप्ते चालू ठेवा आणि हातातली जास्तीची रक्कम सर्वांत चढ्या व्याजाच्या कर्जात भरा. पगार स्वतःच्या वेगळ्या खात्यात वळवा, पुरवणी कार्ड बंद करा, संयुक्त खात्यातून पैसे काढायला दोघांच्या सह्या लागतील अशी सूचना बँकेला द्या. ते खातं रातोरात रिकामं करू नका, पुढे न्यायालयात तेच तुमच्या अंगावर येऊ शकतं. आणि बायकोला हिशेबातून बाहेर काढू नका. महिन्यातून एकदा तो कागद तिनंच भरायचा, तुम्ही पावत्यांशी ताडून पाहायचा. सगळा कारभार हातात घेतलात तर तुम्ही पहारेकरी व्हाल आणि लपवण्याची सवय तशीच राहील.

प्रश्न : आम्ही वेगळे राहायचं ठरवलंय. नऊ वर्षांच्या मुलीला कारण काय सांगू?

उत्तर : खोटं सांगू नका, पण सगळंही सांगू नका. दोघांनी एकत्र बसून, एकाच भाषेत सांगा : ‘आमच्या दोघांत मोठा प्रश्न झालाय, तो आम्ही मोठी माणसं सोडवू. तो तुझ्यामुळे झालेला नाही.’ लगेच रोजच्या गोष्टींवर या. ती कुठे झोपणार, शाळेतून कोण आणणार, दुसरे पालक कोणत्या वारी भेटणार. या वयाला कारणापेक्षा याचीच धास्ती जास्त असते. ‘बाबांनी काय केलं?’ असं तिनं थेट विचारलं, तर ‘ते आमच्या दोघांपुरतं आहे, पण तू मला केव्हाही विचारू शकतेस’ एवढं म्हणा. निरोप तिच्या हाती पाठवू नका, आणि तिकडून आल्यावर तिथे कोण होतं हे तिला विचारू नका.