वाचकांचे प्रश्न : येऊरच्या छत्र्या आणि खाडीतली बुरशी

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बुरशीविषयीचे प्रश्न वाढतात. यंदा ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. उत्तरांत शास्त्रीय मराठीच्या रूढीप्रमाणे ‘जीनस’साठी प्रजाती आणि ‘स्पीशीज’साठी जाती हे शब्द वापरले आहेत, वर्तमानपत्रांत ‘स्पीशीज’लाही सर्रास प्रजाती म्हटले जाते, त्यामुळे वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे.

प्रश्न : जुलैमध्ये येऊरच्या पाटोणपाडा रस्त्याच्या कडेला मला पांढऱ्या छत्र्यांचा पुंजका दिसला. फोटो काढून मोबाइलच्या ॲपवर टाकला, तर तीन वेगवेगळी नावे आली. यांतले खरे कोणते समजावे? — एक निवृत्त शिक्षिका, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रासोबतचा फोटो छान आहे, परंतु तो वरून काढलेला असल्यामुळे त्यात नेमके तेच दिसत नाही ज्यावरून नाव ठरते. छत्रीची टोपी हा तिचा सर्वांत फसवा भाग असतो. रंग पावसाने धुतला जातो, आकार वयाप्रमाणे बदलतो आणि सकाळी अंड्यासारखी दिसणारी टोपी संध्याकाळपर्यंत ताटलीसारखी सपाट होते. म्हणून कोणी मला भूछत्राचे नाव विचारले, तर मी आधी उलट विचारतो, की ते कशावर उगवले होते? उघड्या मातीवर, कुजलेल्या ओंडक्यावर, पालापाचोळ्यात, शेणावर, की वारुळाजवळ?

कारण आपल्याला दिसते ते फक्त फळ असते. खरी बुरशी म्हणजे तिच्या आधारात पसरलेले सूक्ष्म तंतूंचे जाळे, आणि ते जाळे काय खाते यावर तिचे कुळ बऱ्याच अंशी कळते. येऊरसारख्या पानझडी रानात पांढऱ्या छत्र्यांचे निदान तीन-चार वेगळे गट एकाच आठवड्यात आढळू शकतात. टर्मिटोमायसिस ही प्रजाती वाळवीच्या जमिनीखालच्या घरट्यातून वर येते. वाळवी या बुरशीला आपल्या घरट्यात जोपासते आणि तिच्यावर जगते. तिच्या टोपीच्या मध्यभागी माती भेदणारे टोक असते आणि दांडा जमिनीखाली मुळासारखा लांब निमुळता होत थेट घरट्यापर्यंत जातो. अमॅनिटाच्या बहुतेक जातींची जिवंत झाडांच्या मुळांशी भागीदारी असते आणि त्यांच्या दांड्याच्या बुडाशी बहुधा पिशवीसारखे आवरण असते. क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही जाती मात्र रानापेक्षा सोसायटीच्या हिरवळीवर अधिक दिसते. या तिघी वरून काढलेल्या फोटोत बहिणी वाटतील, पण त्यांतली एक वाळवीची, दुसरी झाडाची आणि तिसरी गवताची आहे.

यानंतरची पायरी म्हणजे बीजाणूंचा, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते त्या सूक्ष्म कणांचा, ठसा. त्याला कसलेही यंत्र लागत नाही. टोपी दांड्यापासून अलगद कापावी, अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर येईल अशी पालथी ठेवावी, वर वाटी झाकावी आणि रात्रभर हलवू नये. सकाळी टोपीखालच्या पातळ पापुद्र्यांची, म्हणजे कल्ल्यांची, नक्षी कागदावर उमटलेली असते. टर्मिटोमायसिसचा ठसा गुलाबीसर, अमॅनिटाचा पांढरा, बाजारातल्या बटण अळंबीच्या ॲगॅरिकस प्रजातीचा चॉकलेटी, आणि क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा चक्क हिरवट येतो. कोवळेपणी याच हिरव्या ठशाच्या छत्रीचे कल्ले शुभ्र असतात, आणि म्हणूनच ती अनेकांना फसवते. स्वीडनचे बुरशीतज्ज्ञ एलियास फ्राइस यांनी १८२१ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ठशाच्या रंगावर वर्गीकरण उभे केले होते. ते वर्गीकरण आता मोडीत निघाले असले, तरी ठसा पाहण्याची सवय दोनशे वर्षांनंतरही कोणी सोडलेली नाही.

ठसा सोसायटीच्या बागेतल्या छत्रीचा घ्यावा. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येते आणि तिथून परवानगीशिवाय काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. रानात छत्रीजवळ लहानसा आरसा धरून कल्ल्यांचा फोटो काढावा, बुडाशी कॅमेरा नेऊन दुसरा काढावा आणि आसपासची झाडे टिपून ठेवावीत. ऐन, साग, बांबू असे लिहिले तरी पुरे. एवढे असेल तर जाणकार निदान प्रजातीपर्यंत पोहोचू शकतो. तुमच्या फोटोवरून मी ‘पांढऱ्या कल्ल्यांची असावी’ यापलीकडे काही सांगणार नाही, आणि ॲपनेही तिथेच थांबायला हवे होते.

लाकडावरच्या बुरशा ओळखायला तुलनेने सोप्या, नवशिक्याने त्यांच्यापासूनच सुरुवात करावी. वाळक्या फांदीवरचे राखाडी, केसाळ पंखे बहुधा स्किझोफायलम कॉम्यूनचे असतात. त्यांचे कल्ले उभे चिरलेले असून कोरड्या हवेत आत वळतात आणि सर आली की पुन्हा उघडतात. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग घेऊन हे एकदा पाहावे. पुन्हा नाव विसरत नाही.

प्रश्न : मी सूक्ष्मजीवशास्त्राचा विद्यार्थी आहे. आता डीएनए क्रमवाचन स्वस्त झाले असताना कल्ले, ठसे आणि सूक्ष्मदर्शक यांत वेळ का घालवावा? — घणसोली, नवी मुंबई

उत्तर : प्रश्न रास्त आहे. २०१२ मध्ये बुरशीतज्ज्ञांनी रायबोसोमच्या जनुकांमधील ‘आयटीएस’ हा डीएनएचा तुकडा बुरश्यांचा अधिकृत ‘बारकोड’, म्हणजे जात ओळखण्याची खूण, म्हणून मान्य केला, आणि त्यानंतर कामाचा वेग निश्चितच बदलला. परंतु बारकोड वाचल्यावर तो कशाशी तरी जुळवावा लागतो. आजवर नावे दिलेल्या बुरश्या साधारण दीड लाख आहेत, तर २०१७ च्या एका अंदाजानुसार पृथ्वीवरील एकूण जाती २२ ते ३८ लाख असाव्यात. म्हणजे तुम्ही वाचलेला डीएनएचा क्रम अनेकदा निनावी शेजाऱ्याशीच जुळेल, किंवा एखाद्याने चुकीच्या नावाने जमा केलेल्या नमुन्याशी जुळून तीच चूक पुढे नेईल. शिवाय ॲस्परजिलस, पेनिसिलियम आणि फ्युझेरियम या प्रजातींत जवळच्या जाती वेगळ्या करायला आयटीएस अपुरा पडतो. तिथे बीटा-ट्यूब्युलिन, कॅल्मोड्युलिन यांसारखी आणखी जनुके वाचावी लागतात.

दोन्ही पद्धती एकत्र आल्यावर काय होते याचे चांगले उदाहरण गॅनोडर्माचे आहे. वार्निश केल्यासारखी चकाकणारी ही लाकडावरची बुरशी आशियातही बराच काळ गॅनोडर्मा ल्युसिडम या नावाने नोंदली जात असे. मूळ ल्युसिडमचे वर्णन १७८१ मध्ये इंग्लंडमधल्या नमुन्यावरून झाले होते. चीनमध्ये लागवड होणारी औषधी जाती तिच्याहून वेगळी ठरली आणि २०१२ मध्ये तिला गॅनोडर्मा लिंगझी हे नाव मिळाले. क्रम वाचल्यामुळे शंका पक्की झाली, पण नाव देताना बीजाणू, छिद्रे आणि तंतूंची रचना यांचेच वर्णन करावे लागले. तेव्हा येऊरच्या पायथ्याशी दिसलेल्या चकाकत्या पंख्याला जुन्या यादीतले नाव चिकटवण्याआधी दहादा विचार करावा.

पूर्वी एकाच बुरशीला लैंगिक अवस्थेचे एक आणि अलैंगिक अवस्थेचे दुसरे अशी दोन नावे असत. उदाहरणार्थ ट्रायकोडर्मा रीसी आणि हायपोक्रिया जेकोरिना ही एकच बुरशी. २०११ च्या मेलबर्न येथील वनस्पतिशास्त्र परिषदेने ही पद्धत बंद केली. १ जानेवारी २०१३ पासून नव्या नावाची मान्यताप्राप्त कोशात नोंदणीही सक्तीची झाली. नव्या जातीचा आदर्श नमुना, म्हणजे ज्यावरून तिचे नाव ठरते तो नमुना, मात्र आजही संग्रहालयात जमा करावाच लागतो. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर बुरशी संग्रहालय आणि राष्ट्रीय बुरशी संवर्ध संग्रह अशा दोन्ही सोयी आहेत. तुम्ही या विषयात पुढे जाणार असाल, तर ठाण्याहून एक दिवस काढून तिथले वाळवलेले नमुने पाहून यावेत.

प्रश्न : ऐरोलीच्या कांदळवनात बोटीतून फेरी मारली. रोहित पाहिले, खेकडे पाहिले, पण एकही भूछत्र दिसले नाही. खाऱ्या पाण्यात बुरशी नसतेच का? असेल तर ती शोधायची कशी? — एक गृहिणी, वाशी

उत्तर : असते, आणि तुम्ही तिच्याकडे पाहतही होता, फक्त ती काळ्या ठिपक्याएवढी होती. समुद्री बुरशांची फळे बहुधा एक मिलिमीटरहून लहान असतात आणि पाण्यात बुडालेल्या लाकडात मानेपर्यंत रुतलेली असतात. छत्री हा हवेतला शोध आहे. ती बीजाणू वाऱ्यावर सोडण्यासाठी उभी राहते, आणि दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या ठिकाणी तिचा उपयोग नाही. छत्र्यांच्याच नात्यातल्या काही जाती समुद्रात गेल्या, पण त्यांनी छत्री टाकून दिली. निया व्हिब्रिसाचे फळ काही मिलिमीटरची केसाळ गोळी असते, तर खारफुटीच्या लाकडावर वाढणाऱ्या हॅलोसिफिना विलोसाचे फळ इवल्या पेल्यासारखे असते. भूछत्रांच्या गणात यांची गणना करायची हे विद्यार्थ्यांना पटवून देताना माझी दर वर्षी दमछाक होते.

बाकी बहुतेक समुद्री बुरशा पिशवीत बीजाणू तयार करणाऱ्या गटातल्या आहेत, आणि त्यांची खरी ओळख बीजाणूंच्या शेपट्यांत आहे. लाटांत वाहणाऱ्या बीजाणूला कुठेतरी अडकणे भाग असते, म्हणून त्याच्या टोकांना केस, पंख किंवा चिकट धागे असतात. ते किती आहेत, कुठून फुटतात, पाण्यात गेल्यावर उलगडतात की नाही, यावरून प्रजाती ठरते. कोरोलोस्पोरा मारिटिमा ही जाती वाळूच्या कणांवर फळते आणि तिचे बीजाणू किनाऱ्यावरच्या फेसात गोळा होतात. फेस बाटलीत भरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही समुद्री बुरशीतज्ज्ञांची जुनी युक्ती आहे. क्षाराचा ताण सहन करण्यासाठी या बुरशा पेशीत ग्लिसरॉलसारखी द्रव्ये साठवतात.

आता समुद्री कोणाला म्हणायचे, हा खरा पेच आहे. ठाणे खाडीच्या चिखलाचा चिमूटभर नमुना पोषक आगारवर, म्हणजे बुरशी वाढवण्याच्या जेलीसारख्या माध्यमावर, पसरला, तर तीन दिवसांत ताटली ॲस्परजिलस आणि पेनिसिलियमने भरून जाईल. त्यावरून ‘खाडीतील बुरशांची यादी’ तयार करणारे प्रकल्प मी पुष्कळ तपासले आहेत. पण या बुरश्यांचे बीजाणू नाल्यांतून, धुळीतून, पावसाच्या पाण्यातून येऊन नुसते पडून राहिलेले असू शकतात. आगारवर त्या वाढल्या म्हणून खाडीतही वाढत होत्या असे सिद्ध होत नाही. १९७९ मध्ये कोलमायर या समुद्री बुरशीतज्ज्ञ दांपत्याने केलेली व्याख्या यासाठीच उपयोगी पडते. केवळ समुद्रात किंवा खाडीमुखात वाढून तिथेच बीजाणू तयार करतात त्या बंधनकारक समुद्री बुरशा, आणि मुळात जमिनीवरच्या किंवा गोड्या पाण्यातल्या असून समुद्रातही वाढू शकतात त्या ऐच्छिक. २०१५ च्या एका सूचीत समुद्री जातींची संख्या १,११२ होती. जमिनीच्या मानाने ती फारच थोडी असली, तरी समुद्रात शोधणारेही थोडेच आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी हिंदी महासागराच्या सुमारे ५,००० मीटर खोलीवरच्या गाळातूनही बुरशा वाढवल्या आहेत.

शोधण्याची पद्धत संथ आहे. पाण्यात मुरून पृष्ठभाग मऊ झालेला लाकडाचा तुकडा स्वच्छ समुद्राच्या पाण्याने धुवावा, ओलसर टिपकागदावर झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी भिंगातून पाहत राहावे. काही जाती महिनाभरात फळतात, काही त्याहून बरेच उशिरा. फळ ब्लेडने उघडून आतला गर खाऱ्या पाण्याच्या थेंबात ठेवावा, कारण गोड्या पाण्यात शेपट्यांचे रूप बदलू शकते. लाकूड तिवराचे, कांदळाचे की चिप्पीचे, म्हणजे खारफुटीच्या कोणत्या झाडाचे, हे न लिहिलेला नमुना माझ्या लेखी निम्मा वाया गेलेला असतो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते, म्हणून तारीख आणि क्षारताही लिहावी. विसर्जनानंतर काठाला लागलेल्या मखरांच्या रंगवलेल्या फळ्या मात्र घेऊ नयेत. त्यांचा इतिहास खाडीचा नसतो. एकाच तिवराच्या खोडावर भरतीच्या रेषेच्या वरती जमिनीवरची नेहमीची बुरशी आणि रेषेखाली समुद्री बुरशी अशी विभागणी पाहायला मिळते, तेव्हा रेषेपासूनची उंची टिपणे उत्तम. ठाणे खाडी रोहित अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, त्यामुळे नमुने घ्यायचे तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी आधी हवी.

प्रश्न : घरच्या फिश टँकमधल्या माशावर कापसासारखी बुरशी आली आहे. पावसाळ्यात कुंडीतल्या लाकडावर पिवळा चिकट थर येतो, तीही बुरशीच ना? — कोपरी, ठाणे

उत्तर : दोन्ही नव्हेत. माशावर बहुधा सॅप्रोलेग्निया असते. तिला जलबुरशी म्हणतात, पण ती खरी बुरशी नव्हे. तंतू बुरशीसारखे असले, तरी तिच्या पेशीभित्तीत मुख्यतः सेल्युलोज आणि तत्सम द्रव्ये असतात आणि तिचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. पिवळा थर श्लेष्मकवकाचा (स्लाइम मोल्ड) असावा, आणि नावात कवक असले तरी तेही बुरशी नव्हे. तो अमिबासारखा सरकत जीवाणू गिळतो. खऱ्या बुरशीची पेशीभित्ती कायटिन या चिवट द्रव्याची असते. १९६९ मध्ये जीवशास्त्रज्ञ व्हिटेकर यांनी बुरशीला वनस्पतींपासून वेगळी सृष्टी दिली, आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे हे पुढे स्पष्ट झाले.

प्रश्न : बाजारात पाड्यावरच्या बायका शेवळं आणि अळंबी विकायला आणतात. विषारी अळंबीने चांदी किंवा लसूण काळी पडते हे खरे का? — नौपाडा, ठाणे

उत्तर : शेवळं ही बुरशी नाही, सुरणाच्या कुळातला फुलोरा आहे. चांदी आणि लसणीची परीक्षा साफ खोटी आहे, आणि किडे खातात म्हणून माणसाला चालते हेही खोटे आहे. अमॅनिटाच्या काही जातींतले अमाटॉक्सिन हे विष शिजवून नष्ट होत नाही. त्याचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो, मध्ये बरे वाटते आणि मग यकृत निकामी होऊ लागते. पिढ्यान्‌पिढ्या त्याच वारुळावरून अळंबी काढणाऱ्या बाईचे ज्ञान त्या जागेपुरते पक्के असते. ते फोटो पाहून आपल्याकडे येत नाही, आणि या सदरातून खाण्यायोग्यतेचा दाखला मिळणार नाही. खाल्ल्यावर त्रास झालाच, तर रुग्णालयात जाताना उरलेली कच्ची अळंबी कागदात गुंडाळून न्यावी. ती संपली असेल तर शिजवलेली भाजी न्यावी, कारण शिजल्यानंतरही बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात.